लिनिया : उत्तरेच्या अरण्यातील एक फूल आणि त्याचे नाव

आमच्या देवळांत पहाटेच्या पूजेला जी फुले येतात त्यांची नावे आम्हांला कोणी मुद्दाम शिकवीत नाही. परडी हाती येते तेव्हाच तीही येतात. पारिजातक, सोनचाफा, कण्हेर, गोव्यात ज्याला पिटकोळी म्हणतात ते पेंडगूळ, आणि देवाच्या पायांशी नित्य असणारी तुळस. परंतु ह्याच फुलापानांना विद्वानांच्या ग्रंथांत दुसरी, लॅटिन नावे आहेत. पारिजातकाचे तेथील नाव ‘निक्टॅन्थेस आर्बर-ट्रिस्टिस’, म्हणजे रात्री फुलणारा दुःखी वृक्ष. पेंडगुळाचे नाव ‘इक्सोरा कॉक्सिनिया’. त्यातील ‘इक्सोरा’ हे आपल्या ‘ईश्वर’ शब्दाचेच पोर्तुगीज तोंडातून गेलेले रूप आहे असे मानतात. तुळशीला ‘ऑसिमम सँक्टम’ हे नाव मिळाले, आणि ‘सँक्टम’ म्हणजे पवित्र. ही तिन्ही नावे एकाच मनुष्याने दिली. त्याने पारिजातकाचा सडा कधी पाहिला नव्हता, तुळशीवृंदावन पाहिले नव्हते, आणि हिंदुस्थानच्या किनाऱ्यास त्याचे पाय कधी लागले नाहीत. तो स्वीडन देशाचा वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियस होय.

ज्याने अशी हजारो नावे जगभर वाटली, त्याचे स्वतःचे नाव कोणत्या फुलाला मिळाले असेल? प्रश्न मनात आला तेव्हा एखादा विशाल वृक्ष, निदान राजोद्यानात शोभावे असे एखादे डौलदार फूल असेल, अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात ते फूल वीतभर उंचीचेही नाही. शेवाळाने मऊ झालेल्या जमिनीवर, सूचिपर्णी वृक्षांच्या सावलीत, ते अशा रीतीने उगवते की चालणाऱ्याने खाली पाहिले नाही तर ते पायाखाली यावे. त्याचे नाव ‘लिनिया बोरिअॅलिस’, म्हणजे उत्तरेकडील लिनिया. इंग्रजीत त्याला ‘ट्विनफ्लॉवर’, जुळे फूल, म्हणतात. आणि ह्या नावात त्याचे सगळे रूप आले आहे.

ही एक सरपटणारी, सदाहरित, काष्ठमय वेल आहे. तिचे सुतासारखे बारीक देठ शेवाळावरून मीटर दोन मीटर लांब जातात व जागोजागी मुळे धरतात. पाने समोरासमोर, लहान, गोलसर, कडांना एकदोन दाते असलेली. जून ते ऑगस्ट ह्या महिन्यांत त्या देठांतून बोटभर उंचीची सरळ काडी वर येते, शेंड्याशी तिला दोन फाटे फुटतात, आणि प्रत्येक फाट्याच्या टोकास एकेक फिकट गुलाबी घंटा खाली मान घालून लोंबते. आतील बाजूस गुलाबी रेषा अधिक गडद असतात व बारीक लव असते. फुलाला मंद गोड वास असतो. सायंकाळी रानात तो विशेष जाणवतो असे पाहणारे सांगतात. फुलाखालच्या लहान पानांवर चिकट केस असतात. फळ धरले की त्यांच्या योगाने ते जनावरांच्या लोकरीस वा पक्ष्यांच्या पिसांस चिकटते व दुसरीकडे जाते. देवापुढे दोन समया एकाच दांडीवर टांगल्या तर जसे दिसेल, तसे काहीसे हे फूल दिसते.

लिनियसचा जन्म २३ मे १७०७ रोजी दक्षिण स्वीडनच्या स्मोलंड प्रांतात, रोसहुल्ट नावाच्या खेड्यात झाला. बाप गावचा धर्मोपदेशक. त्या काळी तेथील शेतकरी कुटुंबांत आडनाव नसे. बापाच्या नावावरून मुलाची ओळख चाले. लिनियसच्या बापाला विद्यापीठात नाव नोंदवताना आडनावाची गरज पडली, तेव्हा घराण्याच्या जमिनीतील एका मोठ्या लिंडन वृक्षावरून त्याने ‘लिनियस’ असे आडनाव घेतले. तात्पर्य, झाडावरून आडनाव आले आणि पुढे त्या आडनावावरून फुलाचे नाव झाले. माणसाच्या हातून होऊन ते नाव पुन्हा रानात गेले, ही गोष्ट आम्हांला फार आवडते.

बापाने धर्मोपदेशक करावयास काढलेला हा मुलगा लुंड व नंतर उप्साला येथे वैद्यक शिकू लागला आणि वनस्पतींच्या मागे लागला. उप्सालाच्या शास्त्रसभेने थोडे द्रव्य दिले, त्यावर तो १७३२ साली उत्तरेकडील लॅपलंड प्रांताच्या संशोधनास निघाला. तेथील जुन्या पंचांगाप्रमाणे तो दिवस १२ मे होता. दुसऱ्या दिवशी त्याला पंचवीस वर्षे पूर्ण व्हावयाची होती. बरोबर कोणी सोबती नव्हता. घोड्यावर, पायी, होडीतून तो बोथनियाच्या आखातास वळसा घालून व नॉर्वेच्या बाजूची डोंगररांग ओलांडून, ऑक्टोबरात परत आला. त्या प्रदेशात सामी लोक राहतात; रेनडियरचे कळप हे त्यांचे धन. त्यांचे अन्न, औषधे, पाळण्याच्या रीती, मुलांसाठी मऊ शेवाळाची गादी करण्याची युक्ती, हे सर्व त्याने टिपून ठेवले. परत येऊन सभेस सादर केलेल्या हिशेबात त्याने प्रवासाचे अंतर बरेच फुगवून सांगितले, असे पुढील अभ्यासकांनी दाखविले आहे. थोर माणसांच्या चरित्रांतून अशा गोष्टी गाळण्याची आपल्याकडे पद्धत आहे. आम्ही ती येथे पाळीत नाही, कारण नोंदींचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

ह्या प्रवासात ही वेल त्याच्या विशेष प्रीतीस पात्र झाली. ती विद्वानांना अगदीच अपरिचित होती असे मात्र नव्हे. बासलच्या कास्पार बौहिनने तिला शंभर वर्षांपूर्वीच घंटाफुलांच्या वर्गात घातले होते. लिनियसने केसर मोजले. ते चार निघाले, दोन लांब व दोन आखूड. घंटाफुलांत ते पाच असतात. म्हणजे ही वेल त्या कुळातली नव्हे, तिला स्वतंत्र नाव पाहिजे. स्वतःच्या नावाने वनस्पतीस नाव देणे त्याच्याच नियमांत बसत नव्हते. १७३५ साली तो हॉलंडला गेला. तेथे लायडनचा योहान फ्रेडरिक ग्रोनोव्हियस त्याचा मित्र व आश्रयदाता झाला. ‘सिस्टेमा नॅचुरे’ ह्या लिनियसच्या पहिल्या मोठ्या ग्रंथाच्या छपाईस ज्यांनी पैसा दिला त्यांत हा होता. त्याने ‘लिनिया’ हे नाव सुचविले. लिनियसने ते १७३७ मध्ये आपल्या ग्रंथांत घेतले, आणि १७५३ साली ‘स्पीसीज प्लँटारम’ ग्रंथात ‘लिनिया बोरिअॅलिस’ असे दुपदरी नाव कायम झाले.

नाव व वनस्पती ह्यांचा काही मेळ असावा असे त्याचे मत होते. बौहिन हे दोन भाऊ होते, योहान व कास्पार. म्हणून ज्या झाडाचे पान मधे दुभंगून दोन सारख्या पाळ्या होतात त्याचे ‘बौहिनिया’ नाव त्याला समर्पक वाटले. दसऱ्यास आपण सोने म्हणून ज्याची पाने वाटतो तो आपटा ह्याच वंशातला आहे. कोमेलिन कुळात तीन पुरुष होते. दोघे वनस्पतिशास्त्रात नामांकित झाले, तिसरा काही करून दाखविण्याआधी वारला. म्हणून ज्या फुलाच्या दोन पाकळ्या ठळक व तिसरी बारीक, ते ‘कोमेलिना’. पावसाळ्यात आपल्या परसात उगवणारा केना तो हाच. ह्याच न्यायाने लिनियाचा अर्थ सांगताना लिनियसने लिहिले की ही वेल लहान, उपेक्षित व अल्पकाळ फुलणारी असून तिच्या नावाचा मनुष्यही तिच्यासारखाच आहे.

ही नम्रता आहे की अभिमान, हे वाचकांनीच ठरवावे. आमचे मत विचाराल तर दोन्ही. हा मनुष्य पुढे स्वतःस वनस्पतिशास्त्रज्ञांचा राजा म्हणवून घेण्यास कचरला नाही. १७३७ मध्ये हॉलंडात काढलेल्या चित्रात तो सामी वेषात उभा आहे; पट्ट्याला सामी ढोल लटकला आहे, हाती हे फूल आहे. वेषातील वस्त्रे मात्र निरनिराळ्या ठिकाणची एकत्र केलेली आहेत. १७७५ मध्ये रोस्लिनने वृद्ध लिनियसचे चित्र काढले, त्यातही हीच डहाळी आहे. स्वीडनच्या राजाने त्याला सरदारकी दिली, तेव्हा कुलचिन्हाच्या शिरोभागी त्याने हीच वेल घातली. स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून त्याने चीनहून चिनी मातीची भांडी मागविली. त्यांवरही ह्या जुळ्या घंटा रंगवून घेतल्या. उपेक्षित म्हटलेल्या फुलाची एवढी उपासना क्वचितच कोणी केली असेल. तथापि चाळीस वर्षे एकच लहानसे फूल धरून राहण्यात एक निष्ठाही आहे, आणि ती आम्हांला दांभिक वाटत नाही.

आता ती वेल जेथे राहते त्या रानाकडे वळू. पृथ्वीच्या उत्तर भागाभोवती स्वीडन, नॉर्वे, फिनलंड, रशिया, सैबेरिया, जपानचा उत्तर भाग, अलास्का व कॅनडा असा सूचिपर्णी अरण्यांचा एक अखंड पट्टा आहे. त्याला तैगा म्हणतात. लिनिया ह्या सबंध पट्ट्यात आहे. तिचे तीन उपप्रकार मानतात. एक युरोप-आशियाचा, दुसरा उत्तर अमेरिकेचा, तिसरा अमेरिकेच्या पश्चिम भागाचा, अलास्कापासून खाली कॅलिफोर्नियापर्यंत जाणारा व जरा लांब फुलांचा. दक्षिणेस आल्प्स पर्वतातही काही ठिकाणी ती सापडते. हिमयुगाच्या शेवटी बर्फ मागे हटले, अरण्ये त्यामागोमाग उत्तरेस सरकली, आणि काही वेली उंच डोंगरांच्या थंडाव्यात मागे राहिल्या.

त्या रानात पाइन व स्प्रूस वृक्षांची छाया असते. खाली पिसांसारख्या शेवाळाची जाड गादी, मधून मधून बिलबेरीची झुडपे. माती आम्ल व निकस असते. गळलेल्या सुया थंडीमुळे कुजावयास फार काळ लागतो, त्यामुळे झाडांस खत मिळते ते थोडे व उशिरा. ऊन पडण्याचे दिवस मोजके. अशा ठिकाणी दरवर्षी नवी पाने करून ती टाकणे हा वनस्पतीस न परवडणारा खर्च होय. म्हणून ही वेल पाने जपते. हिवाळ्यात त्यांवर हातहातभर हिम पडते. ते हिमच पांघरूण होते व वरच्या कडक थंडीपासून तिचे रक्षण करते. वसंतात हिम वितळताच तयार पाने कामास लागतात. आपल्याकडे सदाहरित म्हटले की पश्चिम घाटातील पाऊस, उष्णता व ओलावा डोळ्यांपुढे येतो. तेथे वर्षभर वाढीला मुभा असते म्हणून झाड हिरवे राहते. उत्तरेत वाढीला मुभाच नसते, म्हणून ते हिरवे राहते.

सावलीची तिची अपेक्षा मोठी नाजूक आहे. झाडे सरसकट तोडली तर उघड्या उन्हात ती वाळते. गवत व उंच झुडपे तिच्यावर मात करतात. उलट लागवडीची झाडे इतकी दाट लावली की जमिनीवर उजेडच पोहोचू नये, तर ती जगते पण फुलत नाही. रानास वणवा लागला तर शेवाळावरून गेलेले तिचे देठ प्रथम जळतात, आणि आगीतून सुटलेल्या एखाद्या ओल्या कोपऱ्यातून तिला पुन्हा हळूहळू पसरावे लागते. जुने, विरळ-दाट, माणसाने फार न ढवळलेले रान हेच तिचे घर.

तिच्या संसारात आणखी एक अडचण आहे, व तीच तिच्या भवितव्याचे मूळ आहे. एक वेल पसरत पसरत मोठा ताटवा करते. तो सर्व एकाच बीजापासून झालेला असतो. शेकडो जुळ्या घंटा त्यावर डोलत असल्या तरी त्या एकाच जीवाच्या होत. आणि ह्या फुलात स्वतःचा पराग स्वतःस चालत नाही. दुसऱ्या बीजापासून झालेला ताटवा जवळ असेल, माशा वा मधमाश्या त्याच्याकडून येतील, तरच बी धरते. हे कीटक लहान असतात व पराग फार दूर नेत नाहीत. स्वीडनच्या अफाट रानात ह्याची चिंता नाही, कारण शेजारी ताटवे पुष्कळ. स्कॉटलंडात तसे नाही.

ब्रिटनमध्ये ही वेल १७९५ साली प्राध्यापक जेम्स बीटी ह्यांस मर्न्स भागातील एका जुन्या पाइनच्या रानात प्रथम आढळली. तेथील प्राचीन पाइन अरण्ये शतकानुशतके तोडली गेली, मेंढ्या व हरणे ह्यांच्या चराईने नवी रोपे वाढेनाशी झाली, आणि दोन्ही महायुद्धांत लाकडासाठी पुन्हा कुऱ्हाड पडली. आज ईशान्य व मध्य हायलंड्स भागांत, केर्नगॉर्म पर्वताच्या आसपास, तुटक रानांत तिचे ताटवे आहेत. त्यांतील पुष्कळ ठिकाणी एकाच बीजाचा एकच ताटवा आहे. तो उन्हाळ्यात फुलतो, वास देतो, माश्या येतात, फुले गळतात. बी मात्र क्वचितच धरते. ताटवा म्हातारा होत नाही, परंतु त्याला संततीही होत नाही. पाहणाऱ्याला रान फुललेले दिसते, म्हणून हे दुखणे पुष्कळ वर्षे ध्यानात आले नाही. आता तेथील निसर्गरक्षक निरनिराळ्या ताटव्यांच्या फांद्या आणून, त्यांची रोपे करून, ती जुन्या ताटव्यांजवळ लावीत आहेत. चारी बाजूंनी शेते वा वस्ती झालेल्या, एकट्या उरलेल्या आमच्याकडील देवरायांची आठवण हे वाचताना आम्हांला झाली. तोडायला मनाई केली म्हणजे रान राखले, अशी जी आपली समजूत असते, ती ह्या लहानशा वेलीच्या कथेपुढे टिकत नाही.

स्वीडनमध्ये लिनिया स्मोलंड प्रांताचे फूल आहे, आणि मुलींना लिनेआ हे नाव तेथे फार आवडीने ठेवतात. लिनियस १० जानेवारी १७७८ रोजी वारला. उप्सालाच्या मोठ्या चर्चमध्ये त्याला पुरले. त्याचा संग्रह व ग्रंथ मात्र देशात राहिले नाहीत. पाच वर्षांनी मुलगाही वारला, आणि १७८४ मध्ये जेम्स एडवर्ड स्मिथ नावाच्या तरुण इंग्रजाने सर्व काही एक हजार गिनींना विकत घेतले. त्यातून १७८८ साली लंडनमध्ये लिनियन सोसायटी निघाली. लॅपलंडची हस्तलिखित दैनंदिनीही त्यातच गेली, आणि ती प्रथम छापली गेली ती १८११ मध्ये, इंग्रजी भाषांतराच्या रूपाने.

येथपर्यंत आमचा ह्या फुलाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो फुलाशी नसला तरी त्याच्या नावाच्या धन्याशी आहे. लॅपलंडची फुले लिनियसने स्वतः हिंडून पाहिली. आमची फुले त्याने कोठे पाहिली? पुस्तकांत. त्यांतील दोन पुस्तकांचा उगम आमच्या किनाऱ्यावर आहे.

पहिले गोव्यात छापलेले. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता ह्याचा औषधींविषयीचा संवादग्रंथ १५६३ साली गोव्यात निघाला. त्यात पारिजातकाची हकीकत आहे. पारिजातक नावाच्या पुरुषाची कन्या सूर्यावर लुब्ध झाली, सूर्याने तिला टाकले, तिने देह ठेवला, आणि तिच्या रक्षेतून हे झाड उगवले. म्हणून सूर्याचे तोंड न पाहता ते पहाटेसच फुले टाकते. ओर्ताने गोव्यात ऐकलेली ही कथा लॅटिन अनुवादातून युरोपभर गेली व झाडाचे ‘दुःखी वृक्ष’ हे नाव रूढ झाले. तेच नाव १७५३ मध्ये लिनियसने कायम केले. ओर्ता मूळचा यहुदी कुळातला. तो १५६८ मध्ये वारला, पुढल्याच वर्षी त्याच्या बहिणीस गोव्याच्या इन्क्विझिशनने जाळले, आणि १५८० साली त्याची स्वतःची हाडे उकरून काढून जाळली. त्या न्यायासनाच्या भीतीने ज्यांचे पूर्वज देव पाठीवर घेऊन खाड्या ओलांडून गेले, त्या आमच्या वाचकांस ह्यापेक्षा अधिक सांगण्याची आवश्यकता नाही. जाता जाता एक गैरसमज दूर करतो. भिरंडेच्या, म्हणजे कोकमाच्या, वंशाचे ‘गार्सिनिया’ हे नाव ह्या गार्सियाचे नव्हे. ते लोराँ गार्सँ नावाच्या दुसऱ्या विद्वानाचे आहे.

दुसरे पुस्तक ‘हॉर्टस मलबारिकस’, मलबारचा बगीचा. डचांनी १६६३ मध्ये पोर्तुगीजांकडून कोची घेतली. हेन्ड्रिक व्हान रीड हा १६७० ते १६७७ पर्यंत तेथे त्यांचा मुख्य अधिकारी होता. त्याने मलबारच्या वनस्पतींचा ग्रंथ तयार करविला. तो आम्स्टरडॅम येथे १६७८ ते १६९३ ह्या काळात बारा खंडांत निघाला. सातशेहून अधिक वनस्पती, पूर्ण पानांची चित्रे, आणि चित्रांवर लॅटिन, मल्याळम, अरबी व नागरी अशा लिप्यांत नावे. नागरी अक्षरांतली ती नावे कोंकणी होत.

ती नावे सांगणारे तीन जण होते: रंग भट, विनायक पंडित व आप्पू भट. तिघेही कोचीत राहणारे सारस्वत ब्राह्मण वैद्य. गोव्यातील देवळे मोडली गेली तेव्हा जी कुटुंबे तारवांतून दक्षिणेस गेली, आणि ज्यांनी कोचीस तिरुमल देवालयाभोवती पुन्हा वस्ती केली, त्या समाजातले. त्यांच्याबरोबर, किंबहुना झाडांच्या प्रत्यक्ष ज्ञानात त्यांच्यापुढे, चौथे नाव आहे ते ईळव समाजातील वैद्य इट्टी अच्युतन ह्यांचे. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या ताडपत्रांवर औषधींचे ज्ञान लिहिलेले होते. आपल्याकडे ह्या ग्रंथाची गोष्ट अभिमानाने सांगताना अच्युतन वैद्यांचे नाव कधी कधी हळूच मागे पडते. हे बरे नव्हे. भटांजवळ निघंटु होता. रानात कोणती वेल कोठे आहे हे अच्युतनांना व त्यांच्या माणसांना ठाऊक होते. दोन्हींवाचून ग्रंथ झाला नसता.

लिनियसने ह्या ग्रंथाला फार मान दिला. आपल्याआधीच्या लेखकांपैकी ज्या तिघांच्या वर्णनांवर विसंबता येते असे तो म्हणे त्यांत रीड होता. ‘स्पीसीज प्लँटारम’मध्ये हिंदुस्थानच्या वनस्पतींखाली रीडच्या खंडाचा व पानाचा आकडा जागोजागी आढळतो, काही वनस्पतींचे नाव तर केवळ त्या चित्राच्या आधारावर दिले आहे. सोनचाफ्याच्या ‘चंपाका’ ह्या नावात आपला चंपक अजून ऐकू येतो. केन्यास ज्यांचे नाव मिळाले त्या कोमेलिनांपैकी यान कोमेलिन ह्याने ह्याच ग्रंथावर टिपणे लिहिली होती. रीडच्या सन्मानार्थ लिनियसने एका अमेरिकन वृक्षवंशास ‘रीडिया’ नाव दिले. तो वंश पुढे शास्त्रज्ञांनी ‘गार्सिनिया’त मिसळला, म्हणजे रीडचे नाव आपल्या भिरंडेच्या कुळात जाऊन विरले. रीड स्वतः १६९१ मध्ये सुरतेच्या वाटेवर समुद्रात वारला; त्याची कबर सुरतेस आहे. इट्टी अच्युतनांच्या नावाचाही एक वनस्पतिवंश पुढे झाला, ‘अच्युडेमिया’. लिनियसचा एक शिष्य, कोनिग नावाचा, १७६८ मध्ये तरंगमबाडीस आला. तेव्हा भोवतालच्या तंजावर प्रांतात तुळजाराजे भोसले ह्यांचे राज्य होते. गुरूने जे पुस्तकांत पाहिले ते ह्या शिष्याने मातीत पाहिले.

‘हॉर्टस मलबारिकस’च्या पहिल्याच खंडाच्या आरंभी १६७५ सालची साक्षीपत्रे आहेत. अच्युतनांचे त्यांच्या लिपीत, व तिघा वैद्यांचे नागरीत, कोंकणीत. आम्स्टरडॅमच्या ज्या कारागिरांनी ते उमटविले त्यांना त्यातले एक अक्षरही वाचता येत नसणार. तरी अक्षरे लागतात. दोन वर्षे सकाळ-संध्याकाळ आपण हे काम केले, आपल्या महानिघंटूत पाहून झाडांची नावे व गुण सांगितले, हे खरे आहे, असा त्याचा आशय आहे. नंतर नावे: रंग भट, विनायक पंडित, आप्पू भट.